कारकुनांची झाडाझडती, खुर्च्यांना अभय : युरोपीय आयोगाच्या ‘सुधारणे’ची दुसरी बाजू

१/
१५ मार्च १९९९. ब्रुसेल्समध्ये त्या रात्री युरोपीय आयोगाच्या वीसही सदस्यांनी एकत्रित राजीनामा दिला. पाच वर्षांनी, १ मे २००४ रोजी, युरोपीय संघात एकाच दिवशी दहा नवी राष्ट्रे दाखल झाली. या दोन तारखांमधल्या काळाची एक सुटसुटीत कथा प्रचलित आहे : भ्रष्टाचार उघड झाला, दोषी गेले, नव्या मंडळींनी घर सारवून घेतले आणि सारवलेल्या घरात पाहुणे आले. कथा नीटनेटकी आहे, पण कार्यकारणाच्या कसोटीवर ती टिकत नाही. हा धागा तिच्या विरोधात आहे.

२/
आधी संस्थेची ओळख. युरोपीय आयोग हे युरोपीय संघाचे कार्यकारी मंडळ. कायद्याचा मसुदा मांडण्याचा अधिकार जवळजवळ त्याच्याकडेच एकवटलेला आहे. करारांचे पालन होते की नाही हे पाहणे, स्पर्धा-नियम राबवणे आणि अर्थसंकल्पाची अंमलबजावणी करणे हीदेखील त्याचीच कामे. आयुक्तांची नावे राष्ट्रे सुचवतात. मात्र एकदा पदावर आल्यानंतर आयुक्ताने कोणत्याही सरकारकडून सूचना मागायच्या नाहीत आणि घ्यायच्याही नाहीत, असे मूळ करारातच नमूद आहे. हे कलम ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सगळा वाद अखेरीस त्याच्याशीच येऊन थांबतो.

३/
या मंडळाचा आकार कसा वाढला? १९५२ मध्ये लक्झेंबर्ग येथे ज्याँ मोने यांच्या अध्यक्षतेखाली कोळसा व पोलाद समुदायाचे उच्चाधिकार मंडळ सुरू झाले, तेव्हा सदस्य होते नऊ. १९६७ मध्ये तिन्ही समुदायांची कार्यकारी मंडळे एक झाली. त्यानंतर प्रत्येक विस्ताराबरोबर संख्या चढत गेली : १९७३ मध्ये १३, १९८१ मध्ये १४, १९८६ मध्ये १७ आणि १९९५ मध्ये २०. नियम सोपा होता. मोठ्या राष्ट्राला दोन आयुक्त, इतरांना एक. कामाची गरज किती, हा प्रश्न या गणितात कुठेच नव्हता.

४/
धोका कोणाला दिसला नव्हता, असे म्हणता येत नाही. १९७९ मध्ये, ग्रीसच्या प्रवेशाआधी, आयोगाने स्वतःच डिर्क स्पीरेनबर्ग या अनुभवी डच मुत्सद्द्याच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. इतक्या आयुक्तांना पुरेल एवढे खरे काम नाही, तेव्हा प्रत्येक राष्ट्राला एकच आयुक्त असावा आणि खाती कमी करून एकत्र आणावीत, असे त्या समितीने स्वच्छ सांगितले. त्याच वर्षी राष्ट्रप्रमुखांनी नेमलेल्या ‘तीन शहाण्यां’च्या समितीनेही एका आयुक्ताच्या सूत्राला दुजोरा दिला. दोन्ही अहवाल वाचले गेले, वाखाणले गेले आणि कपाटात गेले.

५/
मग १९८९ आले. बर्लिनची भिंत पडली आणि आयोगावर कामांचा वर्षाव झाला. पोलंड व हंगेरीपासून सुरू झालेला ‘फारे’ हा मदत कार्यक्रम, पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशासाठी ‘तासिस’, १९९२ मध्ये मानवतावादी मदतीचे स्वतंत्र कार्यालय, भूमध्य समुद्राकाठच्या देशांसाठी ‘मेद’, शिवाय एकसंध बाजारपेठ आणि चलनाची पूर्वतयारी. ही सर्व कामे सदस्य राष्ट्रांनी एकमुखाने आयोगाकडे सोपवली. मात्र ती पार पाडण्यासाठी पुरेशी मंजूर पदे द्यायची वेळ आली, तेव्हा त्याच राष्ट्रांनी हात आखडता घेतला.

६/
काम आहे, पैसा आहे, माणूस नाही. अशा वेळी कोणतेही सरकारी कार्यालय जे करते तेच आयोगाने केले : काम बाहेर दिले. ‘तांत्रिक साहाय्य कार्यालये’ या नावाने खासगी कंत्राटदार आले आणि सार्वजनिक निधीचे व्यवहार बाहेरच्या माणसांच्या हाती गेले. कार्यक्रमासाठी राखलेल्या पैशातून आडवाटेने कर्मचाऱ्यांचे पगार निघू लागले. देखरेख करायला माणसे नव्हती, कारण ती नाहीत म्हणूनच तर काम बाहेर गेले होते. १९९९ च्या घोटाळ्यांचे मूळ बव्हंशी या व्यवस्थेत आहे.

७/
डिसेंबर १९९८ मध्ये पॉल फान बाउटेनेन या डच लेखापरीक्षकाने आतील कागदपत्रे युरोपीय संसदेच्या सदस्यांपर्यंत पोहोचवली. जागल्याला मिळाले काय? निलंबन आणि निम्मा पगार. त्याच महिन्यात संसदेने १९९६ च्या हिशेबांना मान्यता नाकारली. १४ जानेवारी १९९९ रोजी अविश्वास ठराव २३२ विरुद्ध २९३ मतांनी फेटाळला गेला, पण तडजोड म्हणून पाच स्वतंत्र तज्ज्ञांची समिती बसली. तिचा पहिला अहवाल १५ मार्चला आला आणि त्याच रात्री जाक सांतेर यांचा आयोग कोसळला.

८/
अहवालातला सर्वाधिक गाजलेला भाग एदित क्रेसाँ यांच्याविषयी. फ्रान्सच्या या माजी पंतप्रधानांनी आपल्या ओळखीच्या एका दंतवैद्याला संशोधन-सल्लागार म्हणून नेमले होते. ते प्रकरण पुढे युरोपीय न्यायालयात गेले. क्रेसाँ यांनी पदाच्या जबाबदारीचा भंग केला, असा निर्णय २००६ मध्ये लागला, मात्र निवृत्तिवेतनात कपात झाली नाही. वर्तमानपत्रांना दंतवैद्य पुरेसा होता. आयोगाच्या पतनाचे कारण म्हणून सामान्य वाचकाच्या स्मरणातही तोच राहिला.

९/
वास्तविक त्या अहवालात दोन निदाने होती. पहिले नैतिक : जबाबदारी स्वीकारणारा माणूस या इमारतीत सापडणे कठीण झाले आहे. दुसरे रचनात्मक : कामे आणि साधने यांचा मेळ उरलेला नाही. पहिल्या निदानात आरोपी होते आयुक्त आणि अधिकारी. दुसऱ्यात आरोपीच्या पिंजऱ्यात सदस्य राष्ट्रांची सरकारे उभी राहतात, कारण कामे त्यांनी लादली आणि माणसे त्यांनी नाकारली. कोणते निदान पुढे चालवायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याच सरकारांकडे होता. त्यांनी पहिले निवडले यात नवल ते काय?

१०/
सप्टेंबर १९९९ मध्ये रोमानो प्रोदी यांचा आयोग आला. प्रशासकीय सुधारणेचे खाते उपाध्यक्ष नील किनक यांच्याकडे गेले. ब्रिटिश मजूर पक्षाचे हे माजी नेते सांतेर यांच्या कोसळलेल्या आयोगातही वाहतूक खाते सांभाळत होते. २००० मध्ये त्यांची श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली. तीत ९८ कृतींचा आराखडा होता. कृती मोजता येतात, मोजल्या की पूर्ण झाल्याचे दाखवता येते आणि दाखवता आले की इतिहासलेखकही तीच यादी उतरवून घेतो. ‘किनक सुधारणा यशस्वी’ या मताचा मोठा आधार सुधारणा करणाऱ्यांनीच लिहिलेले कागद आहेत.

११/
श्रेय मात्र नाकारू नये. अंतर्गत लेखापरीक्षणाची स्वतंत्र सेवा उभी राहिली. प्रत्येक खर्चावर मध्यवर्ती नियंत्रकाची आगाऊ सही घेण्याची जुनी पद्धत गेली आणि खर्चाची जबाबदारी त्या त्या महासंचालकावर आली. नवी अर्थनियमावली २००३ पासून लागू झाली. अमुक पद अमुक देशाचेच, ही वरिष्ठ जागांवरची अलिखित मिरासदारी मोडली. आयुक्त आणि त्याच्या खात्याचा महासंचालक एकाच देशाचे नसावेत, हा दंडक आला. गैरव्यवहार उघड करणाऱ्याला नियमांचे संरक्षण मिळाले. ही लहान कामे नव्हेत.

१२/
तरीही एक आकडा या सगळ्या यशावर प्रश्नचिन्ह उमटवतो. युरोपीय संघाच्या अर्थसंकल्पातील सुमारे ८० टक्के रक्कम प्रत्यक्षात सदस्य राष्ट्रांच्या यंत्रणांमार्फत खर्च होते. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने १९९४ च्या हिशेबापासून सलग दोन दशकांहून अधिक काळ खर्चाच्या नियमिततेला निर्वाळा देण्याचे नाकारले. त्यात पहिली सुधारणा दिसली ती २०१६ च्या हिशेबात, म्हणजे किनक यांनी ब्रुसेल्स सोडल्यावर बारा वर्षांनी. ब्रुसेल्सच्या कारकुनाला चार सह्यांऐवजी आठ सह्या करायला लावून दुसऱ्या देशाच्या शेती-अनुदानातली गळती थांबत नसते.

१३/
आता १ मे २००४ कडे वळू. जागतिक कामगार दिन. दहा राष्ट्रे त्या दिवशी आत आली, हे सर्वांना ठाऊक असते. नवे सेवानियमही त्याच दिवशी अमलात आले, हे फारसे कोणी सांगत नाही. जुन्या चार वर्गांच्या जागी दोन मुख्य वर्ग आले. वार्षिक मूल्यमापनाचे गुण आणि त्यावर बढती, अशी पद्धत पक्की झाली. निवृत्तीचे सर्वसाधारण वय ६० वरून ६३ झाले. ‘कंत्राटी कर्मचारी’ हा कमी वेतनाचा एक नवा वर्ग अधिकृतपणे जन्मला. आणि नव्याने भरती होणाऱ्यांची सुरुवातीची श्रेणी खाली आणण्यात आली.

१४/
तारखेच्या योगायोगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. आयोगात कायम अधिकारी व्हायला साधारणतः सदस्य राष्ट्राचे नागरिकत्व लागते. त्यामुळे पोलंड, एस्टोनिया, स्लोव्हेनिया किंवा हंगेरीचा जवळजवळ प्रत्येक अधिकारी या तारखेनंतरच रुजू होऊ शकत होता, म्हणजेच खालच्या श्रेणीवर. जुने अधिकारी संक्रमणकालीन तरतुदींच्या छत्राखाली सुरक्षित राहिले. एकाच दालनात, एकाच कामासाठी, शेजारी शेजारी दोन वेतनमान बसू लागले. भेदभाव कोणाच्या राष्ट्रीयत्वावर लिहिलेला नव्हता. तारखेवर लिहिला की राष्ट्रीयत्वाचा उल्लेख करण्याची गरजच पडत नाही.

१५/
हा तारखेचा फटका जुन्या राष्ट्रांतल्या काही उमेदवारांनाही बसला. स्पर्धापरीक्षा आधी उत्तीर्ण, जाहिरातीत वरची श्रेणी, पण नेमणुकीचा कागद १ मे नंतरचा, तर पदरात पडली खालची श्रेणी. सेंतेनो मेदियाव्हिया आणि इतर विरुद्ध आयोग या खटल्यात त्यांनी दाद मागितली. २००७ मध्ये पहिल्या पायरीवर आणि २००८ मध्ये अपिलात त्यांचा दावा फेटाळला गेला. परीक्षा उत्तीर्ण झाल्याने नेमणुकीची अपेक्षा निर्माण होते, हक्क नव्हे, हे न्यायालयाचे सूत्र कायद्याच्या चौकटीत बसणारे असेलही. पण सुधारणेचे बिल कोणाच्या नावावर फाडले गेले, हे त्यातून लख्ख दिसते.

१६/
आणि ज्यांच्या नावावर ते फाडले त्यांनी काय केले? विस्तार प्रत्यक्षात पेलून दाखवला. एका रात्रीत अधिकृत भाषा ११ च्या २० झाल्या. प्रत्येक भाषेतून प्रत्येक भाषेत जायचे तर भाषांतराच्या जोड्या ११० वरून ३८० वर गेल्या. माल्टी भाषेत पुरेसे अनुवादक नव्हते म्हणून तिला काही वर्षांची सवलत द्यावी लागली. एवढा अपवाद सोडला तर यंत्रणा थांबली नाही. कायदे निघत राहिले, राजपत्रे छापली जात राहिली. विस्ताराने आयोग कोलमडेल ही भीती ज्या थराविषयी व्यक्त झाली होती, तोच थर सर्वांत भक्कम निघाला.

१७/
मग वरच्या मजल्यावर काय चालले होते? १९९७ च्या ॲमस्टरडॅम करारावेळी ठरले की पुढील विस्तारात मोठी राष्ट्रे दुसरा आयुक्त सोडतील, मात्र मोबदल्यात त्यांच्या मतांचे वजन वाढवून द्यावे. डिसेंबर २००० मध्ये नीस येथे हा सौदा पुरा झाला : प्रत्येकी एक आयुक्त, आणि संघ २७ राष्ट्रांचा झाला की आयुक्त राष्ट्रांपेक्षा कमी, समान फिरत्या पाळीने. कारकुनांच्या सुधारणेला मुदती होत्या, तपशील होता. आयुक्तांच्या सुधारणेला फक्त ‘पुढे कधीतरी’ होते. १९७९ चा अहवाल एकवीस वर्षांनी अर्धा मान्य झाला, उरलेला अर्धा पुन्हा उधारीवर गेला.

१८/
परिणाम तत्काळ दिसले. मे २००४ पासून काही महिने आयोगात ३० सदस्य होते. नवे दहा अक्षरशः बिनखात्याचे, जुन्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसून काम पाहणारे. ज्युझे मानुएल बारोझो यांच्या आयोगात ही संख्या २५ झाली. २००७ मध्ये रोमानिया आणि बल्गेरिया आले, दोघांना खाती हवी होती. रोमानियाचे लेओनार्द ओर्बान यांना ‘बहुभाषिकता’ हे खाते मिळाले आणि बल्गेरियाच्या मेग्लेना कुनेवा यांना ग्राहक संरक्षण. विषय निरर्थक होते असे नव्हे. पण खात्यासाठी माणूस शोधण्याऐवजी माणसासाठी खाते शोधले गेले, हे कोणालाही दिसत होते.

१९/
लिस्बन कराराने पुन्हा प्रयत्न केला : नोव्हेंबर २०१४ पासून आयुक्तांची संख्या राष्ट्रसंख्येच्या दोन-तृतीयांश. जून २००८ मध्ये आयर्लंडच्या मतदारांनी तो करार नाकारला. आपला आयुक्त जाणार ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक होती. डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्रप्रमुखांनी आश्वासन दिले, आयर्लंडने दुसऱ्या वेळी होकार दिला आणि मे २०१३ मध्ये औपचारिक निर्णय झाला : प्रत्येक राष्ट्राला एक आयुक्त कायम. कराराचे कलम आजही छापील आहे, पण अमलात ते एक दिवसही आलेले नाही.

२०/
प्रतिपक्षाचा युक्तिवाद हलका नाही. माल्टा किंवा एस्टोनियासारख्या राष्ट्राला ब्रुसेल्समध्ये आपली भाषा आणि आपली परिस्थिती जाणणारा एकही माणूस वरच्या टेबलावर नसेल, तर तेथील नागरिक त्या निर्णयांना आपले का मानतील? मोठ्या राष्ट्रांना प्रभाव टाकायला शंभर वाटा असतात, लहानांना ती एक खुर्ची. हा मुद्दा मान्य करावा. पण मग त्याची किंमतही उघडपणे मान्य करावी. ‘आमचा आयुक्त’ हा शब्दप्रयोग ज्या क्षणी रास्त ठरतो, त्या क्षणी कोणत्याही सरकारच्या सूचना न घेण्याचे कलम पोकळ ठरते. राष्ट्रांच्या प्रतिनिधित्वासाठी मंत्रिपरिषद वेगळी आहेच. तिची दुसरी आवृत्ती काढायची असेल तर आयोगाचे वेगळेपण उरते कशात?

२१/
किंमत मान्य न केल्याने ती आडवाटेने मोजावी लागते. २०१४ मध्ये जाँ-क्लोद युंकर यांनी २८ आयुक्तांचा गाडा हाकण्यासाठी सात उपाध्यक्ष नेमले आणि इतरांना त्यांच्या देखरेखीखालच्या गटांत विभागले. पुढच्या आयोगात कार्यकारी उपाध्यक्ष अशी आणखी वरची पायरी आली. कागदावर प्रत्येक आयुक्त समान, प्रत्येकाला एक मत. व्यवहारात मात्र उतरंड तयार झाली. तिच्यावर ना करारात चर्चा झाली, ना कोणत्या देशात सार्वमत. समानता वाचवण्यासाठी कपात टाळली, आणि कपात टाळल्यामुळे समानताच हळूहळू आटत गेली.

२२/
तर हिशेब असा. १९९९ मध्ये संस्था कोसळली याचे रचनात्मक कारण वर होते : सरकारांनी वाढवलेली कामे, नाकारलेली माणसे आणि कामापेक्षा प्रतिष्ठेच्या मापाने वाटलेल्या खुर्च्या. शुद्धीकरण मात्र खाली झाले : सह्या, गुणपत्रके, वेतनश्रेण्या, कंत्राटे. जे निर्णय घेत होते त्यांना मुदतवाढ मिळाली. जे अंमलबजावणी करत होते त्यांना नवे नियम मिळाले. आणि जे सर्वांत शेवटी आले, ज्यांचा १९९९ च्या घोटाळ्यांशी तिळमात्र संबंध नव्हता, त्यांना सर्वांत कमी पगार मिळाला.

२३/
हा प्रश्न जुना झालेला नाही. युक्रेन आणि मोल्दोव्हा जून २०२२ पासून उमेदवार राष्ट्रे आहेत, पश्चिम बाल्कनमधील देश त्याआधीपासून दारात उभे आहेत. ते सर्व आले तर आयुक्तांच्या टेबलावर तीसहून अधिक खुर्च्या लागतील. तेव्हा पुन्हा एखादी श्वेतपत्रिका निघेल आणि पुन्हा तीत शंभरेक कृती मोजल्या जातील.

२४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘सुधारणा’ हा शब्द दिसला की चार प्रश्न विचारावेत. निदान कोणी केले? औषध कोणाला पाजले? बिल कोणी भरले? आणि सुधारणा यशस्वी झाल्याचा दाखला कोणी लिहिला? युरोपीय आयोगाच्या बाबतीत पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इमारतीच्या वरच्या मजल्यावर सापडते. मधल्या दोन प्रश्नांचे उत्तर मात्र तळमजल्यावर, १ मे २००४ नंतर रुजू झालेल्या एखाद्या अनुवादकाच्या वेतनचिठ्ठीत शोधावे लागते. प्रचलित कथेने ती वेतनचिठ्ठी आजवर उघडून पाहिलेली नाही.